रेपलच्या उत्तरात लाखाचे स्वल्पविराम घातले, आता वहीच उघडत नाही

अडावदचा_काटा:

नमस्कार मंडळी. लॅपटॉप वजनकाट्यावर आहे, मी मोबाइलवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठीच आहे. त्यामुळे कोडसुद्धा देवनागरीत टाकतो, नावं उच्चारावरून ओळखून घ्या.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ आमचं गाव. काकांचा केळीचा ग्रुप आहे: बाग बघायची, भाव ठरवायचा, कापणी लावायची, गाडी भरून रवाना करायची. हिशोब माझ्याकडे. कॉलेजात शेवटच्या वर्षी एका सरांनी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचं वेड लावलं ते काही गेलं नाही, म्हणून एक्सेल सोडून मी वही कॉमन लिस्पमध्ये ठेवतो. लिस्प चालवायला एसबीसीएल, लिनक्स, आणि वरची बाण-कळ दाबून जुनी ओळ परत यावी म्हणून आरएलरॅप. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हाऊ पोऱ्या कंसमा हिशोब लिखस." सांगू देत. भागाकार केला की पैसा इकडचा तिकडे होत नाही, सात भागिले तीन म्हणजे सात तृतीयांशच राहतात, हे मला एक्सेलमध्ये कुठे मिळणार?

आता दुखणं. रेपल, म्हणजे आपण ओळ लिहिली की लगेच उत्तर छापणारी लिस्पची खिडकी, उत्तर देतं ते 215350 असं. 146 क्विंटल नवती केळी, भाव 1475, झाले 215350. काकांना हा आकडा दाखवला की ते बोटाने उजवीकडून मोजत बसतात. त्यांना 2,15,350 पाहिजे. फॉरमॅटमधला "~:डी" स्वल्पविराम घालतो, पण तीन-तीन आकड्यांवर, साहेबी पद्धतीने. म्हणून मी हे लिहिलं:

(डेफन लाखात (स्ट्रीम एन)
  (लेट ((*प्रिंट-प्रीटी* निल))
    (मल्टिपल-व्हॅल्यू-बाइंड (वरचे खालचे) (ट्रंकेट (अ‍ॅब्स एन) 1000)
      (व्हेन (मायनसपी एन) (राइट-कॅर #\- स्ट्रीम))
      (इफ (झीरोपी वरचे)
          (फॉरमॅट स्ट्रीम "~डी" खालचे)
          (फॉरमॅट स्ट्रीम "~,,,2:डी,~3,'0डी" वरचे खालचे)))))

(सेट-पीप्रिंट-डिस्पॅच 'इंटीजर #'लाखात)

शेवटचे तीन आकडे वेगळे काढले, उरलेल्यांना दोन-दोनवर स्वल्पविराम. पहिल्या दिवशी *प्रिंट-प्रीटी* (सुबक छपाई) निल, म्हणजे बंद, करायचं विसरलो होतो. आकडा छापायला लाखात, लाखातच्या पोटात पुन्हा आकडा, त्याला पुन्हा लाखात... "कंट्रोल स्टॅक एक्झॉस्टेड". ते समजलं, दुरुस्त केलं, दोन्ही ओळी घरच्या फोल्डरमधल्या डॉट-एसबीसीएलआरसीत टाकल्या. रेपल सुंदर दिसायला लागलं. काका खूश.

हे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीचं. आखाजी 30 एप्रिलला झाली, 2 मेपासून गाड्या जोरात सुरू झाल्या. लॅपटॉप बंद करत नव्हतो, नुसता मिटून ठेवायचो. रोज रात्री वही फाइलीत सेव्ह. परवा बॅटरी पूर्ण उतरली. चार्ज करून वही लोड करायला गेलो, तर म्हणे "कॉमा नॉट इनसाइड अ बॅककोट". फाइल उघडून बघतो तर आत असं:

("मोठे आबा, गट 212,213" (2,02,50,502 नवती 146 1,475 2,15,350) ...

तारखेलासुद्धा स्वल्पविराम! 20250502 लिहिलेलं, ते दोन कोटी दोन लाख पन्नास हजार पाचशे दोन झालं.

विचारायचं ते हे. फाइल वाचवायची कशी? आणि रेपलमध्ये आकडे लाखात दिसावेत पण फाइलीत साधे जावेत, असं होतं का? जाता जाता तिसरं: प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे रेपल आपल्या ओळीची वाट बघतं तिथे, नुसता तारा येतो, त्याजागी उघडलेल्या वहीचं नाव यावं. गेल्या महिन्यात यंदाची एक गाडी मी 2024 च्या वहीत चढवली आणि दोन दिवस शोधत बसलो.

मूळ_शहादा_सध्या_पुणे:

सेड मारा ना सरळ, फाइलीत शोधून बदलणारी ती कमांड. आकडा-स्वल्पविराम-आकडा दिसलं की मधला स्वल्पविराम काढायचा, एका ओळीचं काम. आपल्या लाखाच्या पद्धतीत दोन स्वल्पविरामांमध्ये किमान दोन आकडे असतातच, त्यामुळे एकाच फेरीत सगळे निघतील. प्रॉम्प्टसाठी ईमॅक्स एडिटर आणि त्यातलं लिस्पसाठीचं स्लाइम वापरा, पॅकेजचं नाव आपोआप दिसतं. एवढ्यासाठी रेपलला कशाला हात लावताय?

अडावदचा_काटा:

भाऊ, सेड मारला. कॉपीवर मारला म्हणून वाचलो. "गट 212,213" चं "गट 212213" झालं. असा गट नंबर आमच्या शिवारात काय, अख्ख्या तालुक्यात नसेल. निम्म्या शेतकऱ्यांच्या नावापुढे असे जोडगट आहेत.

ईमॅक्सचं म्हणाल तर काट्यावर माझ्या गैरहजेरीत चुलतभाऊ बसतो. त्याला कंस शिकवायलाच दोन महिने लागले.

धुळेकर_नाना:

काट्याच्या भाऊ, सेड आता राहू द्या. ज्या फाइलीत अक्षरमाळा आणि आकडे दोन्ही आहेत तिथे सेडला काय कळणार की हा स्वल्पविराम अवतरणातला आहे का बाहेरचा. ते कळतं फक्त लिस्पच्या रीडरला, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या भागाला. मग त्यालाच कामाला लावा. स्वल्पविराम हे त्याच्या लेखी खास चिन्ह आहे, बॅककोटच्या आतच चालतं, म्हणून तो अडतो. तेवढ्यापुरतं त्याचं खासपण काढून घ्यायचं:

(लेट ((*रीडटेबल* (कॉपी-रीडटेबल निल)))
  (सेट-सिंटॅक्स-फ्रॉम-कॅर #\, #\0)
  (विथ-ओपन-फाइल (एफ "वही-2025" :एक्स्टर्नल-फॉरमॅट :यूटीएफ-8)
    (निवड (रीड एफ))))

आता 2,15,350 हा त्याला आकडा वाटणार नाही, पण अडणारही नाही. "2,15,350" नावाचा सिंबल म्हणून आत घेईल. अवतरणातली नावं जशीच्या तशी येतील. मग धान्य निवडतात तसं निवडायचं:

(डेफन निवड (क्ष)
  (टाइपकेस क्ष
    (कॉन्स (कॉन्स (निवड (कार क्ष)) (निवड (सीडीआर क्ष))))
    (सिंबल (इफ (फाइंड #\, (सिंबल-नेम क्ष))
               (पार्स-इंटीजर (रिमूव्ह #\, (सिंबल-नेम क्ष)))
               क्ष))
    (टी क्ष)))

उणे आकडेही जातील, पार्स-इंटीजरला चिन्ह चालतं. इतकंच काय, एसबीसीएलमध्ये त्याला "१२३" असे देवनागरी आकडे दिले तरी 123 काढून देतो. माझ्या जुन्या नोंदी तशाच होत्या, तिथे मला कळलं.

पण भाऊ, मला काळजी वेगळीच लागली आहे. तुम्ही फाइलीत नुसतं प्रिंट करत होतात. डॉट-एसबीसीएलआरसीत *प्रिंट-लेंथ* किंवा *प्रिंट-लेव्हल* (यादी किती लांब, किती खोल छापायची याच्या मर्यादा) लावलंय का कुठे? आधी ते बघा, मग बाकीचं बोलू.

अडावदचा_काटा:

नाना, तुमची जीभ काळी आहे का काय.

रीडटेबलची युक्ती चालली, निम्मी फाइल वाचून झाली, आणि मोठ्या आबांपाशी पुन्हा अडली. या वेळी तक्रार वेगळी: ठिपके जास्त झाले म्हणे. बघतो तर आबांच्या यादीच्या शेवटी खरोखरच तीन ठिपके. आणि हो, *प्रिंट-लेंथ* 30 आहे. स्क्रीनवर पूर येऊ नये म्हणून मीच लावलं होतं, मागच्या दिवाळीत. तेव्हा कुणाचीच यादी तिशीला पोचली नव्हती, म्हणून कधी जाणवलं नाही.

आबांची बाग मोठी. नाव धरून त्यांच्या यादीत 34 घटक होते. तीस छापले, चार नोंदी ठिपक्यांत गेल्या. स्वल्पविराम निदान दिसत तरी होते, या चार नोंदी आता जगात कुठेच नाहीत. म्हणजे आहेत, काटापट्टीच्या कार्बन कॉपीत आहेत, आणि ती पुस्तकं गोडाऊनमध्ये केळीच्या वाळक्या पाल्याखाली. बाकी अठरा जणांच्या याद्या तिशीच्या आत आहेत, देवाची कृपा.

रात्री चुलतभावाला घेऊन शोधतो. तोवर पुढचं सांगून ठेवा, मी फाइलीला आता हात लावत नाही.

धुळेकर_नाना:

सापडतील. कार्बन कॉपी ज्याने शोधून काढली त्याला नोबेल द्यायला हवं होतं.

आता ऐका. तुम्हाला वाटलं तुम्ही रेपल सजवलं. तुम्ही सजवला अख्ख्या लिस्पचा छापखाना. रेपल म्हणजे फार काही नाही: (लूप (प्रिंट (इव्हॅल (रीड)))), वाच, काढ, छाप, पुन्हा. त्यातलं छापणं आणि तुमच्या सेव्हमधलं छापणं एकाच दारातून जातं. *प्रिंट-लेंथ* झालं, *प्रिंट-प्रीटी* झालं, पीप्रिंटचं टेबल झालं, ही सगळी जागतिक चलं आहेत. डोळ्यांसाठी लावलेला चष्मा तुम्ही फाइलीलाही घातलात.

फाइलीचं औषध भाषेतच आहे, 1994 च्या मानकात. विथ-स्टँडर्ड-आयओ-सिंटॅक्स नावाचा मॅक्रो. त्याच्या पोटात लिहिलं की लांबीची मर्यादा निल, खोलीची निल, प्रीटी बंद, टेबल मूळचं, आणि *प्रिंट-रीडेबली* चालू. म्हणजे परत वाचता येणार नाही अशी वस्तू छापायला गेलात तर तिथल्या तिथे भांडतो, महिन्याने नाही. वाचतानाही त्याच मॅक्रोत वाचा आणि आत *रीड-इव्हॅल* निल करा, कारण मॅक्रो ते चालू करून ठेवतो. आणि सेव्ह करताना जुन्या फाइलीवर लिहू नका. नव्या नावाने लिहा, परत वाचून ताडून बघा, मग नाव बदला.

प्रॉम्प्टचं सोपं. प्रॉम्प्ट कसा असावा याबद्दल मानक गप्प आहे, म्हणून जो तो आपापलं करतो. सीएलआयएसपीत प्रॉम्प्टचे तुकडे आहेत, *प्रॉम्प्ट-स्टार्ट*, *प्रॉम्प्ट-बॉडी*, *प्रॉम्प्ट-फिनिश*. एसबीसीएलमध्ये एसबी-इंट पॅकेजात *रेपल-प्रॉम्प्ट-फन* आहे, त्यात स्ट्रीम घेणारं फंक्शन ठेवायचं:

(सेटएफ एसबी-इंट:*रेपल-प्रॉम्प्ट-फन*
  (लॅम्डा (एस) (फ्रेश-लाइन एस) (फॉरमॅट एस "~ए> " *वही-नाव*)))

वाचण्यासाठीही तसंच *रेपल-रीड-फॉर्म-फन* आहे. छापण्यासाठी मात्र नाही. एसबीसीएलचा लूप उघडून बघा, छापायच्या जागी सरळ प्रिन1 लिहिलेलं आहे, मध्ये हात घालायला फट नाही. त्यामुळे फक्त उत्तरं लाखात हवी असतील तर लूपच आपला लिहावा लागेल.

(स्लाइमवाल्या भाऊंना: तिथे हा प्रॉम्प्ट दिसणारच नाही, स्लाइमचा लूप त्याचा स्वतःचा आहे.)

अमळनेरची_लेक:

नाना, लूप मी लिहिलेला आहे, माझ्या शिकवणीतल्या मुलांसाठी. दादा, हा घ्या, तुमच्या वहीप्रमाणे बदललाय:

(डेफव्हार *डोळे* (कॉपी-पीप्रिंट-डिस्पॅच निल))
(सेट-पीप्रिंट-डिस्पॅच 'इंटीजर #'लाखात 0 *डोळे*)

(डेफन माझा-लूप ()
  (लूप
    (विथ-सिंपल-रीस्टार्ट (अबॉर्ट "परत वहीवर")
      (फ्रेश-लाइन)
      (फॉरमॅट टी "~ए> " *वही-नाव*)
      (फिनिश-आउटपुट)
      (लेट ((फॉर्म (रीड *स्टँडर्ड-इनपुट* निल :संपलं)))
        (व्हेन (ईक्यू फॉर्म :संपलं) (रिटर्न))
        (सेटएफ - फॉर्म)
        (लेट ((उत्तरं (मल्टिपल-व्हॅल्यू-लिस्ट (इव्हॅल फॉर्म))))
          (सेटएफ +++ ++  ++ +  + -
                 /// //  // /  / उत्तरं
                 *** **  ** *  * (फर्स्ट उत्तरं))
          (लेट ((*प्रिंट-पीप्रिंट-डिस्पॅच* *डोळे*)
                (*प्रिंट-प्रीटी* टी)
                (*प्रिंट-लेंथ* 30))
            (डोलिस्ट (उ उत्तरं) (फ्रेश-लाइन) (प्रिन1 उ))))))))

डॉट-एसबीसीएलआरसीतली जुनी सेट-पीप्रिंट-डिस्पॅचची ओळ आणि *प्रिंट-लेंथ*, दोन्ही पुसा. तुमचे लाखाचे स्वल्पविराम आता *डोळे* या वेगळ्या टेबलात आहेत आणि ते टेबल शेवटच्या लेटपुरतंच लागू होतं. इव्हॅल त्या लेटच्या बाहेर आहे, हे नीट बघा. तुम्ही प्रॉम्प्टवर (सेव्ह-कर) म्हणालात तर ते इव्हॅलमध्ये चालेल, तेव्हा छापखाना साधाच असेल. लेट वर सरकवून इव्हॅलला पोटात घेतलंत की पुन्हा पहिले पाढे.

मधली ताऱ्यांची ओळ गाळायचा मोह होईल, गाळू नका. मागचं उत्तर तारा, त्याच्या मागचं दोन तारे, ही सोय एसबीसीएलचा लूप करून देत होता. आपला लूप म्हटलं की ती भांडीही आपणच घासायची. मी पहिल्यांदा गाळली आणि मुलं तक्रार करायला लागली की तारा जुनंच उत्तर देतोय.

दुसरी ठेच अशी. चुका पकडायला मी आधी सगळ्याभोवती हँडलर-केस लावलं होतं, चूक झाली की संदेश छाप आणि पुढे चल. एका मुलाने कंट्रोल-डी दाबलं. इनपुट संपलं, रीडने चूक दिली, हँडलरने पकडली, लूप पुन्हा रीडवर, पुन्हा चूक... खिडकीत एकच ओळ हजारो वेळा पळायला लागली आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. म्हणून रीडला ते निल आणि :संपलं दिलंय. आणि हँडलर-केसऐवजी रीस्टार्ट, कारण चूक झाली की डीबगर उघडायला हवा, आतली चलं बघता यायला हवीत. त्याच्या यादीत "परत वहीवर" दिसेल, तो आकडा दाबला की प्रॉम्प्ट.

चुलतभावासाठी सेव्ह-लिस्प-अँड-डायला :टॉपलेव्हल #'माझा-लूप आणि :एक्झिक्युटेबल टी देऊन एकच फाइल करून ठेवा. त्याला कंस लागतील, पण एसबीसीएल म्हणजे काय ते नाही लागणार.

अडावदचा_काटा:

ताई, नाना, दंडवत.

कार्बन कॉपी सापडल्या. चारपैकी तीन पट्ट्या स्वच्छ. चौथीवर चीक सांडलेला, वजन 118 का 113 ते कळेना. आबांकडे गेलो. त्यांनी टोपीच्या घडीतून स्वतःची पट्टी काढली, 118. वर म्हणाले, "तुनं मशीन इसरनं तरी मी नही इसरस." चहा पाजला.

लूप चालू केला. लाखात दिसतंय, फाइलीत साधं जातंय. सेव्ह नव्या नावाने होतं, परत वाचून ईक्वलने ताडतं, मगच नाव बदलतं. उचल उणे लिहितो आम्ही, तीही -12,500 अशी नीट येते. ताई, इव्हॅलवाला लेट मी मुद्दाम एकदा वर सरकवून पाहिला, खोट्या वहीवर. खरंच पहिले पाढे.

एकच कुरकुर राहिली. प्रॉम्प्ट मी हौसेने "काय म्हनस भो, वही 2025> " असा ठेवलाय. आरएलरॅपमध्ये वरची बाण-कळ दाबून जुनी ओळ आणली की कर्सर दोन-तीन घरं सरकलेला असतो. पुसतो एक, पुसलं जातं भलतंच. लूपमध्ये काही चुकलं का?

धुळेकर_नाना:

लूप निर्दोष आहे. प्रॉम्प्ट किती घरं रुंद आहे याचा हिशोब आरएलरॅप करतं, आणि काना-मात्रा, जोडाक्षरं यांची रुंदी टर्मिनल एक धरतं, ते दुसरी. वर्षानुवर्षं हे असंच आहे. तुमचं अहिराणी वरच्या ओळीत छापा, मग नवी ओळ, आणि प्रॉम्प्टच्या ओळीत नुसतं "2025> " ठेवा. आरएलरॅप शेवटच्या ओळीलाच प्रॉम्प्ट समजतं.

अडावदचा_काटा:

बसलं. वर "काय म्हनस भो", खाली 2025>. चुलतभाऊ म्हणतो डीबगर उघडला की "काय व्हयनं?" असं यायला पाहिजे. त्याला म्हटलं, पुढच्या आखाजीला.